जयश्रीच्या हातांची सुट्टी

कुंभकोणमला कुंभेश्वराच्या देवळात जाणाऱ्या माणसाला देवाआधी बाजार लागतो. गोपुराखालून आत शिरलं की लांबलचक छपराचा बोळ, आणि दोन्ही बाजूंना गाळे. कुंकवाच्या राशी, पितळेच्या समया, लाकडी बाहुल्या, रिबिनी, पूजेचं सामान. नवरे पुढे निघून जातात, खांबाशी थांबून मागे वळून पाहतात, आणि बायका कुठल्यातरी गाळ्यापाशी वाकलेल्या असतात. बहुतेक वेळा तो गाळा जयश्रीचा असतो.

जयश्रीकडे काचेच्या बांगड्या मिळतात. तशा त्या पुढच्या दोन गाळ्यांतही मिळतात. पण जयश्री बांगड्या विकते त्याहून जास्त भरते. समोरच्या बाईचा हात ती आपल्या मांडीवर ओढून घेते, थोडं खोबरेल तेल लावते, डाव्या हाताने तो हात धरते आणि अंगठ्याच्या बुडाशी हलकेच दाबत राहते. मग एकदम घरगुती आवाजात विचारते, सकाळी स्वयंपाक काय केला होता? बाई रसम सांगते, वांग्याची भाजी सांगते, सासऱ्यांना तिखट चालत नाही हे सांगते, आणि सांगता सांगता तिचा हात मऊ पडतो. तेवढ्यात बांगड्या चढलेल्या असतात. ही युक्ती तिला शेजारच्या गाळ्यातल्या म्हातारीने शिकवली होती. जयश्रीचं सासर मूळचं शिवणकामाचं. सासऱ्यांचं मशीन बंद पडत चाललं तेव्हा या गाळ्यात अस्तराच्या कापडाबरोबर बांगड्या आल्या, आणि हळूहळू कापड मागे सरून बांगड्याच राहिल्या.

गावात तिचं खरं काम असतं ते वळैकाप्पुचं. पोटुशी बाईला पाचव्या, सातव्या किंवा नवव्या महिन्यात दोन्ही हातभर काचेच्या बांगड्या भरतात, आणि त्यांचा आवाज पोटातल्या बाळाला ऐकू जातो असं मानतात. सोहळा सासरी होतो आणि त्यानंतर मुलगी आईबरोबर बाळंतपणासाठी माहेरी निघते. त्या दिवशी बांगडी फुटलेली कोणालाच नको असते. सातव्या महिन्यात हात सुजलेले असतात, म्हणून घरच्या बायका पहिली एकेक बांगडी नावाला घालतात आणि बाकीच्या घालायला जयश्रीला बोलावतात. गेल्या वीस-बावीस वर्षांत तिने किती पोरींचे हात धरले याचा हिशोब तिच्याजवळ नाही. कधीकधी बसमध्ये एखादी अनोळखी बाई हसते, आणि जयश्री तिचा चेहरा आठवण्याऐवजी तिच्या मनगटाकडे बघते.

जयश्रीने कांजिण्यांची लस घेतली, त्याचं कारणही याच कामातून निघालं. डॉक्टर जननी गावातल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात बसतात. त्या भाचीसाठी बांगड्या घ्यायला आल्या होत्या. आपलाही हात त्यांनी पुढे केला, आणि तेल लावून घेता घेता विचारलं, तुम्हाला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का?

जयश्री हसली. तिचं माहेर सुंदरपेरुमाळ कोयिलचं, चारी बाजूंनी भाताची शेतं. आईला ती एकटीच. गल्लीत कोणाकडे कांजिण्या आल्या आणि दाराला कडुनिंब लागला की आई तिला उचलून मामाच्या शेतावरच्या खोपटात न्यायची आणि महिनाभर परत आणायची नाही. "अम्मा मला विसरली," जयश्री म्हणाली. या मुलखात कांजिण्यांना आजार म्हणत नाहीत. ती मारियम्मा, ती घरी येते, तिला अम्मा म्हणायचं. जयश्रीच्यासारखी, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली आणि घरात विठ्ठल असलेली मराठी कुटुंबंही, अंगावर फोड उठले की याच देवीचं ऐकतात.

डॉक्टर हसल्या नाहीत. तुम्ही दिवसभर पोटुशा बायकांचे हात हातात घेता, त्या म्हणाल्या, आणि देवळाच्या दारात बसता; रोज कुठकुठली मुलं समोरून जातात. मग त्यांनी नंदिताची चौकशी केली. नंदिता म्हणजे जयश्रीची एकुलती मुलगी, तिरुचीला दिलेली, तेव्हा चौथा महिना. तिकडच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच तिचं रक्त तपासलं होतं. तिलाही कांजिण्या कधी झाल्या नव्हत्या आणि लसही टोचलेली नव्हती. आता बाळ होईपर्यंत तिला ती देता येणार नव्हती.

"तिला देता येत नाही, तुम्हाला देता येते," डॉक्टर म्हणाल्या. "बाळंतपणाला ती तुमच्याच घरी येणार ना?"

एवढं पुरे होतं. तरी रक्त तपासणं, मग नवरात्राची गर्दी, मग लग्नसराई, यात दिवस गेले आणि लस टोचून घ्यायला नंदिताचा सातवा महिना उजाडत आला. राजगोपाल, म्हणजे जयश्रीचा नवरा, नाचियारकोविलच्या कारागिरांकडून पितळेच्या समया घेऊन मद्रासच्या दुकानांना पाठवतो. त्याने आपल्या पद्धतीने थट्टा केली, की आता तुला शाळेतही घालू, पाटी-पेन्सिल आणतो. ती एकटीच गेली. टोचून झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं: हात दुखेल, ताप येईल, एखाद्या वेळी दोन-तीन आठवड्यांनी अंगावर थोडे फोड उठतात, तसं झालं तर मला फोन करा, दुसरी लस महिन्या-दीड महिन्याने. पहिल्या दोन गोष्टी जयश्रीने नीट ऐकल्या. तिसरी गोष्ट, उठून चप्पल शोधताना माणूस जसं ऐकतं, तशी ऐकली.

संध्याकाळपर्यंत दंड दगडासारखा झाला. डावाच दंड, आणि गिऱ्हाइकाचा हात धरायचा तो डाव्यानेच. शेवटच्या बाईला तिने बांगड्या पुडीत बांधून दिल्या आणि घरी भरून घ्यायला सांगितलं. बाईला आश्चर्य वाटलं. घरी आल्यावर अंग कसकसायला लागलं. सासूबाईंनी पांघरूण घातलं, सुंठीचा काढा दिला. राजगोपालने थट्टा बंद करून डॉक्टरांनी सांगितलेली तापाची गोळी दिली आणि दंडावर ओल्या पंच्याची घडी ठेवली. ती म्हणाली, लहान पोरं कशी रडतात ते आता कळलं. दुसऱ्या दिवशी ताप गेला, तिसऱ्या दिवशी हात वर जायला लागला, आणि चौथ्या दिवशी ती गाळ्यात बसली. झालं गेलं, असं तिला वाटलं.

वळैकाप्पुचा दिवस शुक्रवारचा ठरला होता, तिरुचीला, नंदिताच्या सासरी. विहीणबाई भवानीबाई निवृत्त शिक्षिका; त्यांनी पाहुण्यांच्या नावांपासून केळीच्या पानांपर्यंत सगळं ठरवून टाकलं होतं. जयश्रीने नंदितासाठी हिरव्या बांगड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. उत्तरेकडून आलेल्या मालातून तिने एकेक उजेडात धरून निवडली होती, बारीकही चरा नसलेली. त्या आठवड्याच्या सोमवारी अंघोळ करताना तिच्या पोटावर काहीतरी बोटाला लागलं. पाण्याने भरलेला, मोत्यासारखा फोड. मग कमरेवर एक. पाठीवर हात पोचला तिथे आणखी दोन.

तिला डॉक्टरांची तिसरी गोष्ट आठवली. ती बाहेर आली, फोन शोधायला लागली, आणि तेवढ्यात सासूबाईंना तिच्या मानेवर, केसांच्या खाली, पाचवा दिसला.

सासूबाई, श्रीलक्ष्मीबाई, ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून पाहिलं. मग दोन्ही हात जोडले, जयश्रीला नव्हे, जयश्रीत आलेल्या पाहुणीला. आणि शेजारच्या अंगणात जाऊन कडुनिंबाच्या डहाळ्या तोडून आणल्या. दुपारी राजगोपाल जेवायला आला तेव्हा दाराला कडुनिंबाचा घोस लटकत होता, फोडणीची पळी डब्यात बंद झाली होती, आणि ताटात बिनफोडणीचं वरण, दहीभात आणि काकडी होती. घरात अम्मा असताना तेल तडतडू द्यायचं नाही. तिला चटका बसतो.

राजगोपालने सगळं ऐकून घेतलं, आणि घोस काढायला निघाला. ही लस आहे, तो म्हणाला, देवी नाही. डॉक्टरच बोलल्या होत्या असं होईल म्हणून.

"लस कसली होती?" सासूबाईंनी विचारलं.

"कांजिण्यांची."

"मग तीच की. सुईतून बोलाविली म्हणोन तिचे नाव बदलते का?"

सासूबाईंचं मराठी असं आहे. तंजावरच्या राजांच्या वेळी घराण्याबरोबर इकडे आलेलं, आणि तिकडे महाराष्ट्रात केव्हाच विसरलं गेलेलं. राजगोपाल ताटावर जाऊन बसला. घोस तिथेच राहिला.

डॉक्टर जननींनी फोनवर फोटो मागवला, पाहिला, आणि त्यांचा आवाज शांत होता. हे लसीमुळेच दिसतंय. थोडेच येतील, फार ताप येणार नाही. नखं कापा, खाजवू नका, सुती सैल कपडे घाला, खाज सुटली तर थंड ओला कपडा ठेवा. तापाला तीच साधी गोळी, दुसरं काही मनाने नको. आणि फोड वाळून खपल्या धरेपर्यंत झाकून राहा; लसीचे फोड दुसऱ्याला लागण्याची शक्यता अगदी कमी असते, पण पोटुशी बाई, जिला कांजिण्या झालेल्या नाहीत, तिच्या जवळ जाऊ नका.

"किती जवळ?" जयश्रीने विचारलं.

डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "बांगड्या भरण्याइतक्या जवळ नाही."

जयश्रीने गाळा बंद ठेवला. ती मागच्या खोलीत चटईवर बसून राहिली. आजारी नव्हती, हेच अवघड होतं. ताप असा नव्हता, होती ती खाज, आणि खाज आवरण्यासाठी तिने हात मांडीखाली घालून ठेवले होते. गेल्या वीस-बावीस वर्षांत, अंगात ताप नसताना, त्या हातांना दिवसभर काही काम नाही असं झालं नव्हतं. सासूबाई तासातासाने ताक आणून द्यायच्या, गोळीकडे बघून नाक मुरडायच्या, आणि ती घेतली का म्हणून मग स्वतःच विचारायच्या.

बुधवारी राजगोपाल तिच्यासमोर येऊन बसला. तो वाईट माणूस नाही. व्हॅन ठरवलेली, आचाऱ्याला चित्रान्नांचं, म्हणजे सोहळ्याच्या तऱ्हेतऱ्हेच्या भातांचं, सांगितलेलं, साडी आणलेली. आणि या सगळ्याच्या खाली त्याची खरी भीती होती. अम्मा आलेल्या घरात पोटुशीने पाऊल टाकायचं नाही, हे तिरुचीतही मानतात. विहीणबाईंना कळलं तर त्या नंदिताला पाठवणारच नाहीत. पुढचा चांगला दिवस नवव्या महिन्यात; तेव्हा प्रवास नको म्हणतील. पहिलं बाळंतपण, आणि लेक माहेरी येणारच नाही. फोड सगळे पोटावर आणि पाठीवर आहेत, तो हळू आवाजात म्हणाला. मानेवरचा केसांत झाकतो. लांब बाह्यांचं पोलकं घाल. डॉक्टरच म्हणतात शक्यता कमी. तू बोलली नाहीस तर कोणाला कळणार?

जयश्रीने नाही म्हटलं नाही. हे ती स्वतःपासूनही नंतर लपवू शकली नाही. नवरा गेल्यावर ती उठली, कपाट उघडलं, आणि खरोखरच लांब बाह्यांचं पोलकं काढलं. ते अंगाला लावून पाहिलं. सगळं झाकलं जात होतं. फक्त हात बाहेर होते, आणि हातांवर तर एकही फोड नव्हता. तिने मनाशी म्हटलं, हात तर स्वच्छ आहेत.

त्याच वेळी बाहेरून कोणीतरी तिला हाक मारली. सासूबाई दाराशी गेल्या, आणि जयश्री खिडकीच्या आडून बघू लागली. शिवकामी होती, तिरुनागेश्वरमची, देवळात फुलांचं काम करणारी. दहा-बारा दिवसांपूर्वी जयश्रीने तिच्या मुलीचं वळैकाप्पु केलं होतं. शिवकामी पायरीवर चढली नाही. कडुनिंबाच्या घोसापासून हातभर दूर, उन्हात उभी राहिली, पदराचं टोक मुठीत आवळून.

"मी भांडायला आले नाही," ती तमिळमध्ये म्हणाली. "तुमच्या दाराला पाला आहे असं कोणीतरी सांगितलं. माझ्या मुलीच्या हातात तुम्हीच बांगड्या भरल्यात. मला खरं तेवढं सांगा."

जयश्री दारापर्यंत आली आणि आतच थांबली. तिने सगळं सांगितलं. लस कधी घेतली, फोड कधी उठले. मग शिवकामीच्या समोरच डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. डॉक्टरांनी विचारलं, मुलीला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या? शिवकामी म्हणाली, शाळेत असताना, सगळ्या वर्गाला. मग तिला तसाही धोका नाही, डॉक्टर म्हणाल्या. आणि फोड उठण्याआधी जयश्रीकडून कोणाला काही होण्यासारखं नव्हतं. शिवकामीने दोनदा तेच विचारलं आणि डॉक्टरांनी दोनदा तेच सांगितलं. त्यानंतर तिने पदर सोडला. मुठीत धरलेला भाग चुरगळून ओला झाला होता. जाताना तिने पिशवीतली दोन शहाळी पायरीवर ठेवली, अम्मासाठी, आणि हात जोडून निघून गेली. जयश्रीवर रागावायचं की तिच्यापुढे वाकायचं, हे तिचं तिलाच ठरवता आलं नसावं.

जयश्री बराच वेळ दाराशी उभी राहिली. त्या बाईला भीती वाटली ती तिच्या हातांची. त्यावर फोड आहेत की नाहीत, हे शिवकामीने पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि शुक्रवारी तिरुचीत ती ज्या हातांना स्वच्छ म्हणून घेऊन जाणार होती, त्यांच्याबद्दल विचारायला तिथे कोणी दारात उभंही राहणार नव्हतं, कारण कोणाला माहीतच नसणार. नंदिता तर हात पुढे करून मोकळी होईल. लहानपणापासून करत आली तशी, न बघता.

तिने पोलकं घडी करून आत ठेवलं आणि नवऱ्याला न विचारता विहीणबाईंना फोन लावला.

भवानीबाईंनी मध्ये न बोलता ऐकलं. तीस वर्षं वर्गात मुलांच्या सबबी ऐकलेल्या बाईसारखं. मग म्हणाल्या, "कांजिण्या येऊ नयेत म्हणून लस घेतली, आणि लसीने कांजिण्या आल्या?"

"थोड्याच."

"थोड्याच," भवानीबाई म्हणाल्या. "मग घेतलीत कशाला?"

"नंदितासाठी."

जयश्रीला वाटलं, आता त्या म्हणतील की मुलीला आम्ही पाठवत नाही. पण भवानीबाईंनी विचारलं ते वेगळंच. कार्यक्रम पुढे ढकलायचा का? नको, जयश्री म्हणाली, दिवस चुकवू नका. तुम्हीच बांगड्या भरा. आणि माझ्या खपल्या पडेपर्यंत नंदिताला तिकडेच ठेवा. मी बोलवेन तेव्हा पाठवा. हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज थोडा चढला. ती मागत होती की सांगत होती, हे दोघींनाही कळलं नाही.

"आणि तुम्ही बोलावलंच नाहीत तर?" भवानीबाई म्हणाल्या. यात चिमटा होता, पण फार खोल नव्हता. "बाळंतपण मला करायला लावाल."

मग फोन नंदिताने घेतला. तिला अर्धं ऐकू आलं होतं. "आई, सगळ्या गावच्या पोरींचे हात धरलेस, माझाच धरणार नाहीस," ती म्हणाली. जयश्रीला वाटलं, म्हणूनच, असं सांगावं. पण ते कानाला फार शहाणं वाटलं असतं. ती फक्त हो म्हणाली. नंदिताने फोन ठेवला, आणि त्या दिवशी परत केला नाही.

राजगोपालला हे सांगितलं तेव्हा तो चिडला, मग व्हॅनवाल्याशी बोलायला बाहेर गेला. शुक्रवारी सकाळी तो साडी, फळं, आचाऱ्याने करून दिलेली पाच तऱ्हांची चित्रान्नं आणि हिरव्या बांगड्यांची पेटी घेऊन निघाला. त्याला कांजिण्या लहानपणीच झाल्या होत्या, म्हणून डॉक्टरांची ना नव्हती. हरकत सासूबाईंची होती. अम्मा घरी असताना घरच्या माणसाने मंगलकार्याला जायचं नसतं. शेवटी त्या म्हणाल्या, तो पितळेच्या मालास गेला असे मी समजेन, आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

विश्वेशने, म्हणजे जावयाने, फोन एका स्टुलावर टेकवून ठेवला होता. जयश्रीला चौकटीत नंदिताचा खांदा, हळद लावलेला गाल आणि भवानीबाईंची भक्कम मनगटं दिसत होती. सवाष्णींच्या पहिल्या बांगड्या झाल्या. मग भवानीबाईंनी हिरवी बांगडी घेतली आणि खडूने फळ्यावर रेघ ओढावी तशी सरळ ढकलली. ती सांध्याशी अडली.

"थांबा," जयश्री म्हणाली. "अंगठा आत घ्या. तळहाताकडे. तेल वरून नको, कडेने लावा. डाव्या हाताने धरा, घट्ट नको."

बोलता बोलता तिचे स्वतःचे हात मांडीवरून उठले होते. हवेत तिने नंदिताचा हात धरला, अंगठ्याच्या बुडाशी दाबला, आणि बांगडी फिरवली. सासूबाई कोपऱ्यातून बघत होत्या. भवानीबाई आज्ञाधारक मुलीसारख्या सांगितलं तसं करत होत्या, आणि जमत नव्हतं.

"तिला विचारा सकाळी काय खाल्लं," जयश्री म्हणाली.

"आई," नंदिता फोनकडे न बघता म्हणाली, "तू का विचारतेस ते मला ठाऊक आहे." पण बोलताना ती हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि हात थोडा सैल पडला. बांगडी तरीही सांध्यावर चढली नाही. भवानीबाईंनी ती काढून हातात धरली आणि फोनकडे वळल्या. "या लहान आहेत, विहीणबाई. बळ केलं तर फुटेल. माझ्या पेटीत मोठ्या आहेत, लाल. त्या भरू?"

जयश्रीने हिरव्या बांगड्या निवडल्या होत्या त्या नंदिताचा हात आठवून. दिवाळीत धरलेला हात. मधल्या दोन-अडीच महिन्यांत तो किती सुजला हे तिला माहीत नव्हतं, आणि फोनवर ते विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. गावभरच्या हातांची मापं तिच्या बोटांत होती.

"भरा," ती म्हणाली.

लाल बांगड्या मोठ्या होत्या, सहज चढल्या. खोलीतल्या बायका गायला लागल्या. मग कोणीतरी फोनसमोर येऊन उभं राहिलं आणि चौकटीत नुसती साडीची निळी निरी दिसू लागली. जयश्रीने गाणं संपेपर्यंत ती निरी पाहिली.

नंतरचे दिवस खपल्यांची वाट बघण्यात गेले. आणखी दोन-तीन फोड उठले आणि लगेच वाळले. सासूबाईंनी उन्हात तापवलेल्या पाण्यात हळद आणि कडुनिंब घालून तिला डोक्यावरून अंघोळ घातली, पाहुणीला निरोप दिला, आणि त्याच संध्याकाळी कढईत मोहरी टाकली. घरभर ठसका उठला. जयश्री दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पाठ, पोट, मान पाहिली. आता बोलवा, त्या म्हणाल्या. दुसऱ्या लसीचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ती चुकवायची नाही, तिने परत असे फोड येणं फारच कमी. पण तुमचा जीव टांगणीला लागणार असेल तर बाळ झाल्यावर घ्या, थोडा उशीर चालेल. नंदितालाही बाळंतपणानंतर ती घ्यायचीच आहे.

भवानीबाई स्वतः, विश्वेशबरोबर, नंदिताला घेऊन आल्या. गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी जयश्रीला वरपासून खालपर्यंत तपासलं, मान वळवायला सांगून मागूनही पाहिली, आणि मगच सुनेचा हात सोडला. कॉफी झाली, त्या आणि विश्वेश ऊन उतरायच्या आत परत निघाले.

नंदिता माजघरात भिंतीला टेकून बसली होती. तिचा राग गेला होता की नाही हे कळत नव्हतं. तिने हात उचलून केस मागे सारले, तशा सगळ्या लाल बांगड्या सरकन कोपरापर्यंत घसरल्या. जयश्री जवळ येऊन बसली आणि तो हात मांडीवर घेतला. मनगट दाबलं, सांधा दाबला. माप दोन आकारांच्या मधलं होतं. हिरव्या लहान, लाल मोठ्या. गाळ्यात अशांची एक पेटी होती, आत्ता जाऊन आणता आली असती.

"सैल आहेत ना?" नंदिताने विचारलं. "बदलायच्या?"

"नको. त्यांनी घातल्यात. राहू देत."

नंदिताने हात काढून घेतला नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली की दवाखान्यात तिलाही सांगितलंय, बाळ झाल्यावर लस घ्यायची. मग आपण दोघी एकाच दिवशी जाऊ.

"दोघींचे हात दुखतील," जयश्री म्हणाली. "ताप आला तर दोघींना. आणि फोड उठले तर?"

दोघी विचारात पडल्या. लहान बाळ, आणि दोन आजारी बायका. राजगोपालचं नाव कोणी घेतलं नाही.

श्रीलक्ष्मीबाई दाराशी बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि नातीच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या.

"बाळ मी घेईन," त्या म्हणाल्या. "मी सात वर्षांची असता अम्मा मजला भेटून गेली."

आणि नंदिताचा मोकळा हात त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतला.